केस उडाली तर डबे परत येणार का?

(तेरखेडा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ‘तरुण आणि कायदा’ असा ठरला आहे. मी वकील नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. कायदा मला एकदाच जवळून भेटला, तोही मच्छीच्या डब्यांमुळे. म्हणून मोठ्या गप्पा न मारता तेवढंच सांगतो.

तुमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. परवाना म्हणजे काय, साठा किती ठेवायचा, दोन शेडमध्ये अंतर का सोडायचं, हे इथं शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. तपासणीला साहेब आले की मालक कुरकुरत असेल, पण आत बसून दारू भरणाऱ्याला ठाऊक असतं की तो नियम आपल्या हातापायांसाठी आहे. अन्नाच्या बाबतीत आपल्याला हे तितकं पटकन कळत नाही. फटाका चुकला की गावाला ऐकू जातं. खराब अन्न गुपचूप पोटात जातं.

आता माझी गोष्ट. माझे एक चाचा याच सोलापूर–धुळे रस्त्यावरच्या एका गावात किराणा दुकान चालवतात. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना अजून तिथंच धंदा करायचा आहे. २०१९ सालचा रमजान, मे महिना. टेम्पोवाला एक ओळखीचा माणूस मच्छीच्या डब्यांचे खोके घेऊन आला. टोमॅटोच्या रश्श्यातली तारली. निम्म्या किमतीत. सहेरीला घाईच्या वेळी बरं, हायवेवरचे ड्रायव्हरही घेतात, असं त्यानं सांगितलं. बिल नाही, रोख व्यवहार. चाचांनी पाच खोके उतरवून घेतले.

पंधरा दिवसांनी अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात आले. तारखेच्या जागी दुसरं स्टिकर चिकटवलेलं होतं, नखानं काढलं तर खाली जुनी तारीख. मुदत कधीच संपलेली. मागच्या खोलीत एका पोत्यात काही डबे वेगळे ठेवले होते, त्यांची झाकणं फुगलेली. त्यांनी पंचांसमोर पंचनामा केला, नमुने घेतले, नमुन्याची किंमत चुकती केली, बाकीचा माल जप्त केला. फुगलेल्या डब्यांसाठी लेखी नोटीस देऊन ते नष्ट केले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत एकच वाक्य फिरत होतं: ‘आपलं नाव बघून धाड घातली.’ मीही तेच धरून चाललो. रात्रीच्या गाडीनं आलो, सगळे कागद समोर घेतले आणि ओळ न् ओळ वाचली. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची माझी सवयच आहे, पगारच त्याचा मिळतो. चूक सापडली. डब्यावरच्या बॅच नंबरातला एक आकडा पंचनाम्यात चुकीचा उतरला होता. ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, हे पकडून ठेवा, यावर केस उडू शकते. मी खूश. घरात येऊन अम्मीला सांगितलं.

अम्मी सहावी शिकलेली. ती भांडी घासत होती. मागं न बघता म्हणाली, ‘केस उड गया तो वो डब्बे वापस दुकान में आते क्या?’

मला उत्तर देता आलं नाही. मग तिनं फडताळातून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. चाचांनीच रमजानची भेट म्हणून दोन डबे पाठवले होते. एक खाऊन झाला होता. दुसऱ्याचं झाकण बोटानं दाबलं की टक्‌ करून आत जायचं आणि परत वर यायचं. तो डबा तिनं माझ्या मुलीसाठी, सुट्टीला येईल तेव्हासाठी ठेवला होता.

फुगलेला डबा म्हणजे काय ते सांगतो, कारण हे घरात प्रत्येकाला माहीत हवं. मासळी डब्यात भरून सील करतात आणि मग दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. साध्या उकळीनं भागत नाही, कारण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांनाही तगतात, आणि हवा नसलेल्या बंद डब्यात त्यांना वाढायला आयती जागा मिळते. तापवणं कमी पडलं, किंवा नंतर डब्याला बारीकसं छिद्र पडलं, की आत जिवाणू वाढतात, वायू करतात, झाकण फुगतं. पण डबा फुगला नाही म्हणजे माल चांगलाच, असंही नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला चार वृद्धांनी सामन माशाचा एक डबा फोडून खाल्ला. त्यातले दोघे दगावले. डब्याला अगदी बारीक छिद्र होतं. दुसरी गोष्ट हिस्टामाइनची. बांगडा, तारली, ट्यूना हे मासे पकडल्यावर थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं. अंगावर गांध्या उठतात, तोंड लाल होतं, धडधड वाढते. ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही आणि डबा सील करूनही जात नाही. म्हणून ‘नीट उकळून खाऊ’ हे उत्तर नाही.

चाचांना हे सगळं शास्त्र माहीत नव्हतं. पण फुगलेले डबे वेगळे काढून पोत्यात घालण्याइतकं माहीत होतं. रात्री मी त्यांना विचारलं, ‘चाचा, ते डबे मागं का ठेवले?’ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘टेम्पोवाला बदलून देईल म्हणून.’ मी विचारलं, ‘आणि तोवर बाकीचे विकत होता?’ त्यावर ते उठून नमाजला गेले.

मित्रांनो, त्या रात्री एक गोष्ट मला कळली, तीच आज सांगायची आहे. सरकार माल जप्त करतं तेव्हा प्रश्न दोन असतात. माल खराब आहे का, हा पहिला. कारवाई नीट, नियमानं आणि सगळ्यांना सारखी झाली का, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही विचारायचेच. पण एकाचं उत्तर दुसऱ्याला देता येत नाही. माल खराब होता म्हणून कशीही कारवाई चालेल, असं नाही. आणि कारवाईत चूक सापडली म्हणून खराब माल चांगला होत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. कलम ३८ नुसार अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेऊ शकतो, माल जप्त करू शकतो, किंवा बंधपत्र घेऊन तुमच्याच ताब्यात ठेवू शकतो. पण त्यानं नमुना घेताना लेखी नोटीस द्यायची, कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग करायचे, सील करायचे, सही किंवा अंगठा घ्यायचा. एक भाग अन्न विश्लेषकाकडं जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं. चौथा भाग कुणासाठी? दुकानदारासाठी. त्यानं मागणी केली तर तो भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. दोन अहवाल जुळले नाहीत तर प्रकरण रेफरल प्रयोगशाळेकडं जातं आणि तिचा निकाल अंतिम. अन्न विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा, त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. कुणाला छळायला म्हणून अधिकाऱ्यानं विनाकारण जप्ती केली, तर कलम ३९ खाली त्यालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

ही चार भागांची गोष्ट मोठ्या कंपनीला बरोबर माहीत असते. २०१५ चं मॅगी प्रकरण आठवत असेल. शिसं जास्त निघालं म्हणून जूनमध्ये केंद्राच्या प्राधिकरणानं नऊ प्रकारांवर बंदी घातली, महाराष्ट्रानंही घातली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्टला न्यायालयानं बंदी रद्द केली. कारण काय दिलं? कंपनीला म्हणणं मांडायची संधी दिली नाही, आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना त्यासाठी लागणारी मान्यता नव्हती. पण न्यायालयानं मॅगी सरळ दुकानात पाठवली नाही. आधी तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासा, मग विका, असं सांगितलं. तपासणीत माल पास झाला आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. बघा, न्यायालयानं दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले. कारवाई चुकली, हे सांगितलं. आणि माल खायला योग्य आहे का, ते पुन्हा तपासायला लावलं. माझ्या अम्मीनंही तेच विचारलं होतं.

जो हक्क त्या कंपनीला होता, तोच किराणावाल्याला आहे, बेकरीवाल्याला आहे, बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मावशीला आहे. फरक इतकाच की तिला चौथ्या भागाबद्दल कुणी सांगितलेलं नसतं.

आता दुसरी बाजू. सरकारनं घाई केली, कागद लोकांसमोर ठेवले नाहीत, तर काय होतं ते गोव्यात दिसलं. १२ जुलै २०१८ ला पहाटे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेली मासळी तपासली. जागेवरच्या किटनं फॉर्मेलिन दाखवलं. फॉर्मेलिन म्हणजे प्रेत टिकवायला वापरतात ते. त्याच दिवशी प्रशासनानं सांगितलं की प्रयोगशाळेत प्रमाण मर्यादेत निघालं. लोक म्हणाले, मासळीत फॉर्मेलिन घालायला परवानगीच नाही, मग मर्यादा कसली? खरं तर याला उत्तर आहे. काही माशांमध्ये मेल्यानंतर फॉर्मल्डिहाइड आपोआप थोडं तयार होतं, म्हणून किटनं ‘आहे’ म्हणणं वेगळं आणि प्रयोगशाळेनं ‘किती’ ते मोजणं वेगळं. पण हे नीट समजावून सांगेपर्यंत लोकांचा विश्वास उडाला होता. १८ जुलैला सरकारनं बाहेरच्या मासळीवर तात्पुरती बंदी घातली. गोव्यात, जिथं मासळीशिवाय जेवण होत नाही, तिथं लोक मासळी घ्यायला कचरू लागले. जिच्या टोपलीत त्या सकाळची, गावच्याच होडीतली मासळी होती, तिचंही गिऱ्हाईक तुटलं. संशय वाईट मालापुरता थांबत नाही, तो शेजारच्या चांगल्या मालालाही लागतो.

आपल्या भागात हे खव्याला लागू आहे. भूम-वाशीचा खवा, कुंथलगिरीचा पेढा यांचं नाव लांबवर आहे. सणाच्या तोंडावर कुठंतरी बनावट खवा पकडला जातो आणि रात्रभर भट्टीवर दूध आटवणाऱ्याला शहरातलं गिऱ्हाईक विचारतं, ‘तुमचा खरा आहे ना?’ नीट तपासणी झाली तर सगळ्यात जास्त फायदा त्या प्रामाणिक भट्टीवाल्याचाच आहे.

आता तो प्रश्न, जो तुमच्या मनात मघापासून आहे. ‘आपल्याच दुकानावर का?’ मी तो हसण्यावारी नेत नाही. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, मुस्लिम फळवाला थुंकला, मुस्लिम बेकरीवाल्यानं अमुक मिसळलं. कुठला व्हिडिओ, कधीचा, कुणी तपासला, काही नाही. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात एखाद्याचा गाडा उठवला जातो. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाद्य दुकानांना मालकांची नावं लावायला पोलिसांनी सांगितलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेशानं ते थांबवलं. दुकानदारानं कोणतं अन्न विकतो ते सांगावं, पण मालकाचं नाव लावायची सक्ती नको, असं न्यायालय म्हणालं. नाव बघून माल शुद्ध की अशुद्ध ठरवायचा हा विचारच अन्न सुरक्षेच्या विरुद्ध आहे. डब्यातल्या जिवाणूला दुकानदाराचं आडनाव माहीत नसतं.

पण हेच वाक्य उलट्या बाजूनंही खरं आहे. खोट्या व्हिडिओला आपण म्हणतो, ‘पुरावा दाखवा, प्रयोगशाळेचा अहवाल दाखवा.’ मग अहवाल खरा असेल तेव्हा तो मानायची तयारी आपल्याला ठेवावीच लागेल. चाचांच्या बाबतीत आमचं सगळं खानदान ‘नाव बघून धाड’ म्हणत होतं. त्याच रस्त्यावरच्या इतर दुकानांतही त्या दिवशी तपासणी झाली होती, हे मला दोन दिवसांनी कळलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं. खऱ्या भेदभावाची तक्रार उद्या करायची वेळ आली, तर आजची खोटी तक्रार आड येते. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल शोधल्याची हदीस आपण सगळ्यांनी मदरशात ऐकली आहे. ती ओल आपल्याच माणसाच्या ढिगात होती, हे आपण विसरतो.

पुढं काय झालं ते सांगतो. बॅच नंबरची चूक आम्ही लपवली नाही, वापरलीही नाही. अर्जात लिहिलं की आकडा चुकला आहे, पण माल आमच्याच दुकानातला आहे. नमुन्याचा अहवाल आला. बाहेरून धड दिसणाऱ्या डब्यांतला मासा असुरक्षित निघाला नाही, पण तारखेचं लेबल खोटं होतं, म्हणून माल ‘मिथ्याछाप’ ठरला. असुरक्षित ठरला असता तर फौजदारी खटला होता. मिथ्याछापला कलम ५२ खाली दंड असतो, तीन लाखांपर्यंत. चाचा म्हणाले, स्टिकर टेम्पोवाल्यानं लावलं. असेल. पण कलम २७ म्हणतं की मुदत संपलेला माल विकला, किंवा माल कुणाकडून घेतला ते सांगता आलं नाही, तर विक्रेता जबाबदार. बिल असतं तर अधिकाऱ्यांना टेम्पोवाल्यापर्यंत जाता आलं असतं. बिल नव्हतं, त्याचा फोन बंद होता. म्हणून जबाबदारी चाचांवरच थांबली. न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर त्यांनी चूक कबूल केली. दंड फार मोठा झाला नाही, तरी चाचीची एक पाटली मोडावी लागली. ती पाटली अजून परत झालेली नाही.

आणि जे डबे विकले गेले होते त्यांचं? त्यासाठी अम्मीनं चाचांना दुकानासमोर खडूनं पाटी लिहायला लावली: ‘मच्छीचे डबे नेले असतील तर खाऊ नका. परत आणा, पैसे घ्या.’ मशिदीतही सांगितलं, शेजारच्या हॉटेलवाल्यालाही सांगितलं. चाचा दोन दिवस त्या पाटीकडं बघत नव्हते. सात डबे परत आले. बाकीचे कुठं गेले, कुणी खाल्ले, कुठल्या ट्रकबरोबर कुठं पोचले, हे आम्हाला कधीच कळणार नाही. चाचांना त्याचा त्रास दंडापेक्षा जास्त झाला. एकदा मला म्हणाले, ‘हायवेवर ॲम्ब्युलन्स गेली की पोटात गोळा येतो.’

आता तुमच्यासाठी काम. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी दुकान, बेकरी, चिकन सेंटर, चहाचा गाडा असेल. आज घरी जाऊन चार गोष्टी बघा. नोंदणी आहे का? लहान व्यावसायिकाला परवाना नव्हे, साधी नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. त्या कामात अब्बांना, मामूंना मदत करा. दुसरं, मालाचं बिल आहे का, त्यावर पुरवठादाराचा १४ आकडी नंबर आहे का. निम्म्या किमतीतला बिनबिलाचा माल सगळ्यात महाग पडतो. तिसरं, फळीवर मागं गेलेला माल पुढं काढा, तारखा वाचा. फुगलेला, गळका, गंजलेला, शिवणीवर चेपलेला डबा चाखूनसुद्धा बघू नका. चौथं, तपासणीला कुणी आलं तर ओळखपत्र बघा, वाद घालू नका, पळून जाऊ नका, नोटिशीची प्रत घ्या, पंचनामा वाचून सही करा, आणि चौथा भाग प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर तसं लेखी मागा.

गिऱ्हाईक म्हणूनही तुमचा हक्क आहे. कलम ४० प्रमाणे कुणीही खरेदीदार दुकानदाराला तसं सांगून, फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परत मिळते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा तक्रारीचा फोन आहे १८००२२२३६५. तो दुसऱ्या गल्लीतल्या दुकानासाठी जसा आहे, तसा आपल्या गल्लीतल्या दुकानासाठीही आहे.

चाचा आजही दुकान चालवतात. आता कुणी बिनबिलाचा माल घेऊन आला तर ते चहा पाजतात आणि परत पाठवतात. त्यांच्या गल्ल्यावर काचेखाली दोन कागद आहेत, एक नोंदणीचा दाखला आणि एक त्या दंडाची पावती. दुसरा का ठेवला, असं मी विचारलं. म्हणाले, ‘पहिला साहेबांसाठी. दुसरा माझ्यासाठी.’

मला एवढंच सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.